घरचें ऋण आणि घरची वही

मराठी घरांत कर्ज हा शब्द आजहि हलक्या आवाजांतच उच्चारला जातो. मुलाची परीक्षा, मुलीची नोकरी, शेजाऱ्यांची नवी मोटार या सर्वांची चर्चा जेवतांना मोकळेपणानें होते. परंतु घरावर एकंदर ऋण किती, त्याचें व्याज किती आणि तें केव्हां फिटणार, हा विषय निघाला कीं वडील मंडळी गप्प होतात आणि धाकटी मंडळी मान खालीं घालतात. घराची अब्रू झांकली जावी हाच या मौनामागील हेतु असतो आणि तो वाईट नाहीं. परंतु उधळेपणानें कर्ज होतें हें जसें सर्वांस ठाऊक आहे, तसें मौनानें तें वाढतें हें मात्र फारसें कोणी बोलून दाखवीत नाहीं. आजच्या लेखांत आम्ही याच दुसऱ्या गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

एकत्र कुटुंबांत ही गोष्ट विशेष जाणवते. उदाहरणादाखल एक घर कल्पूं. थोरल्या भावाच्या नांवावर घराचें तीस लाखांचें कर्ज आहे, दर शेंकडा ९. धाकट्याच्या क्रेडिट कार्डावर साठ हजारांची थकबाकी आहे. मुलाच्या मुंजीसाठीं वहिनींच्या पाटल्या व गोठ बँकेंत तारण ठेवून दोन लाख काढलेले आहेत, दर शेंकडा १२. शिवाय वडिलांनीं आजारपणांत आपल्या मेहुण्यांकडून एक लाख रुपये हातउसने घेतले आहेत. त्यांस व्याज नाहीं. प्रत्येकास आपापला बोजा ठाऊक आहे आणि तो आपण एकट्यानें उतरवूं अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत आहे. बेरीज मात्र कोणीहि केलेली नाहीं. मग असें होतें कीं, धाकटा भाऊ कार्डाचें जबर व्याज भरीत असतां त्याच घरांत थोरल्याचा दिवाळीचा बोनस नव्या सोफ्यावर खर्च होतो. यांत कोणी स्वार्थी नाहीं, कोणी मूर्खहि नाहीं. पण एका छपराखालीं राहून एकाचें देणें दुसऱ्यास ठाऊक नाहीं.

हिशेब ऋणकोच्या हातीं नसला म्हणजे काय होतें, याचा मोठा धडा आपल्याच प्रांताला एकदां मिळालेला आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध उठाव केला आणि पुढें तो पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरला. त्या दंग्यांत लोकांचा रोख मुख्यतः सावकारांच्या कागदांवर होता. कर्जाचे रोखे व खतें हिसकावून जाळण्यांत आलीं. आपण किती घेतलें, किती फेडलें आणि किती उरलें हें ज्या कागदांत लिहिलेलें होतें, ते बहुतेक ऋणकोंस वाचतांहि येत नव्हते. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यानें न्यायालयास खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्यास सांगितलें आणि ऋणकोस पावती व हिशेबाचा उतारा मिळण्याची तरतूद केली. कर्जमुक्तीची पहिली पायरी म्हणजे हिशेब ऋणकोच्या हातीं येणें, हें त्या कायद्यानें ओळखलें होतें. आजच्या सुशिक्षित गृहस्थाच्या हातीं बँकेचा उतारा मोबाईलवर क्षणांत येतो. वाचतां येत नाहीं ही सबब त्याला नाहीं. तो उतारा सर्वांसमोर वाचला जात नाहीं, इतकेंच.

यासाठीं आमची पहिली सूचना अगदीं साधी आहे. एखाद्या रविवारीं जेवणें आटोपल्यावर घरांतील सर्व जाणत्या माणसांनीं, सुना आणि कमावत्या मुली यांच्यासह, एकत्र बसावें व एका वहींत घराचें सर्व ऋण लिहून काढावें. कोणाकडून घेतलें, आज मुद्दल किती शिल्लक, व्याजाचा दर काय, दरमहा हप्ता किती, सही कोणाची, जामीन कोण आणि तारण काय, असे सात रकाने पुरेत. ज्याच्या नांवावर कर्ज असेल त्याची त्या दिवशीं उलटतपासणी करूं नये. ‘हें कशाला काढलें?’ हा प्रश्न त्या बैठकींत निघाला, तर पुढच्या खेपेस कोणीहि खरा आंकडा सांगणार नाहीं.

वही तयार झाली म्हणजे दुसरी गोष्ट ध्यानांत येते. मोठें कर्ज तेंच अवघड, असा आपला समज असतो. वस्तुतः घर पोंखरतें तें महाग कर्ज. वरील उदाहरणांतील कार्डावर महिना साडेतीन टक्के व्याज आहे असें धरूं. पुष्कळ कार्डांचा दर याच्या आसपास असतो. वर्षाचा दर सरळ हिशेबानें शेंकडा ४२ होतो. साठ हजारांवर महिन्याचें व्याज २,१०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के वस्तु व सेवा कर, म्हणजे ३७८ रुपये. धाकट्या भावानें तीन हजार रुपये भरले, तर मुद्दलांतून फिटले केवळ ५२२. वर थकबाकी असेतोंपर्यंत नव्या खरेदीवरहि बिनव्याजी मुदत मिळत नाहीं, हें निराळेंच. जुन्या हिंदु धर्मशास्त्रांत दामदुपटीचा नियम होता; एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये, असा त्याचा आशय. आजच्या गृहस्थानें कार्ड वापरतांना त्या नियमाच्या भरवशावर राहूं नये. येथें आपली दामदुपट आपणच थांबवावयाची असते.

आतां समजा, सर्व हप्ते भरून आणि घरखर्च भागवून हें कुटुंब दरमहा आणखी बारा हजार रुपये बाजूस काढूं शकतें. ते चारहि कर्जांवर सारखे वांटले तर कोठेंच कांहीं हललेलें दिसणार नाहीं. त्याऐवजीं ते सर्व कार्डाकडे वळवावे. तीन हजार पूर्वीचे आणि बारा हजार नवे मिळून पंधरा हजार. कार्डावर नवी खरेदी केली नाहीं तर पांचव्या महिन्यांत तें खातें निरंक होतें. त्यानंतर हे पंधरा हजार मोकळे झाले असें मात्र समजूं नये. ते जसेच्या तसे सोनेतारणाकडे न्यावे. तेथें दरमहा भरावयाचें दोन हजार व्याज त्यांत मिळविलें म्हणजे सतरा हजार होतात, आणि पुढील सुमारें वर्षभरांत वहिनींचे दागिने घरीं येतात. पहिलें कर्ज फिटल्यावर त्याचा हप्ता दुसऱ्या कर्जास जोडावयाचा, घरखर्चास नाहीं, हीच या पद्धतीची सर्व किल्ली आहे. पुष्कळ घरें येथेंच चुकतात. एक हप्ता सुटला कीं दुसरी वस्तु हप्त्यानें येते आणि वर्ष उलटलें तरी ऋण जेथल्या तेथें राहतें.

मेहुण्यांच्या लाखाविषयीं मात्र आम्ही निराळें सांगूं. दर पाहूं गेल्यास तें कर्ज सर्वांत शेवटीं फेडावें असें गणित सांगेल. पण बिनव्याजी उसन्याचें व्याज नात्यांतून कापलें जातें. म्हणून पहिल्या महिन्यापासून त्यांना दोन हजार रुपये नेमानें द्यावे आणि ‘उरलेले अमुक दिवाळीपर्यंत देतों’ असें वडिलांनीं स्वतः सांगावें. यामुळें बाकीच्या कर्जांची फेड एखाद-दोन महिने लांबेल, तें चालेल.

आतां घराचें कर्ज. तीस लाख रुपये, शेंकडा ९, मुदत वीस वर्षें, असें धरल्यास हप्ता सुमारें २६,९९२ रुपये पडतो. पहिल्या महिन्यांत त्यांतील २२,५०० व्याजांत जातात आणि मुद्दल फिटतें केवळ ४,४९२. वीस वर्षांत एकूण व्याज सुमारें पावणेपस्तीस लाख होतें. याच कर्जांत आरंभापासून दरमहा पांच हजार अधिक भरले, तर तें साडेतेरा वर्षांच्या सुमारास फिटतें आणि व्याजांतील पावणेतेरा लाख वांचतात. दीड-दोन वर्षांनीं सुरुवात केली तर लाभ कांहींसा घटेल, पण तो मोठाच राहील. बदलत्या दराच्या गृहकर्जाची व्यक्तीनें मुदतीपूर्वी फेड केल्यास बँकांनीं दंड आकारूं नये, असा रिझर्व्ह बँकेनें २०१२ सालींच आदेश दिला आहे. आयकरांतील सवलतीसाठीं कर्ज चालूं ठेवावें असें कांहीं जण सुचवितात. पण राहत्या घराच्या व्याजाची ती वजावट जुन्या करपद्धतींतच मिळते, आणि तेथेंहि वांचणारा कर भरलेल्या व्याजाचा एक अंशच असतो.

येथें आणखी एक सावधगिरी हवी. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळांत रिझर्व्ह बँकेनें आपला रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांपर्यंत नेला. त्या वेळीं पुष्कळांचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत मात्र मुकाट्यानें वाढली. हप्ता न वाढल्यामुळें घरांत कोणास कांहींच कळलें नाहीं. ऑगस्ट २०२३ मध्यें रिझर्व्ह बँकेनें असा दंडक घातला कीं, दर बदलतांना ऋणकोस हप्ता वाढविणें, मुदत वाढविणें किंवा दोन्ही, तसेंच मुदतीपूर्वी फेड करणें, असे पर्याय मिळावे. म्हणून वहींत हप्त्याशेजारीं ‘शेवटचा हप्ता कोणत्या सालीं’ हेंहि लिहावें आणि दर वर्षीं पाडव्याला तें ताडून पाहावें.

घरखर्चाच्या अंदाजपत्रकाविषयीं एकच गोष्ट सांगतों. सुशिक्षित घरांचा महिन्याचा खर्च सहसा फसत नाहीं. फसतो तो वर्षाचा. गणपति-गौरी, शाळेची फी, विम्याचा हप्ता, घरपट्टी हे सर्व ठराविक काळीं येणारे पाहुणे असूनहि दर वेळीं ते अचानक आल्यासारखे वाटतात आणि कार्ड बाहेर निघतें. या सर्वांची वर्षाची बेरीज, समजा, १,२०,००० असेल तर दरमहा दहा हजार निराळ्या खात्यांत टाकलेच पाहिजेत. शिवाय एका महिन्याच्या घरखर्चाइतकी गंगाजळी फेड चालूं असतांनाहि हळूहळू उभी करावी. नाहींतर एखादें आजारपण येतें आणि फिटलेलें कार्ड पुन्हा भरतें. काटकसर करतांना आजींचें औषध, मुलांचें दूध आणि पुस्तकें यांस हात लावूं नये. ‘ऋण काढून सण’ हा शब्दप्रयोग आपल्या पूर्वजांनीं उगाच रूढ केलेला नाहीं. काटछांट करावयाची ती तेथें करावी.

शेवटीं कायद्याचा प्रश्न. पित्याचें ऋण पुत्रानें फेडावें ही आपली जुनी धर्मभावना. दुराचारासाठीं काढलेल्या ऋणाचा भार मात्र शास्त्रकारांनीं पुत्रावर टाकला नव्हता. २००५ सालीं हिंदु वारसा कायद्यांत दुरुस्ती होऊन मुलगी मुलाप्रमाणेंच सहदायाद झाली, आणि त्यानंतर काढलेल्या पित्याच्या ऋणासाठीं केवळ या धर्मकर्तव्याच्या आधारें मुलावर दावा चालत नाहीं. पण वारशानें आलेली मिळकत त्या ऋणांतून सुटत नाहीं. तसेंच १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें जामीनदाराची जबाबदारी, निराळा करार नसेल तर, ऋणकोइतकीच असते. ‘भावासाठीं नुसती सही केली’ असें म्हणून कोणी सुटत नाहीं. आणि स्त्रीधन ही त्या स्त्रीची स्वतःची मालमत्ता आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं प्रतिभा राणी यांच्या खटल्यांत निःसंदिग्ध सांगितलें आहे. वहिनींच्या पाटल्या तारण ठेवावयाच्या असतील तर त्यांना पूर्ण हिशेब दाखवून, त्यांच्या खुशीनेंच ठेवाव्या. आणि त्या केव्हां सुटणार ती तारीख वहींत त्यांच्याच हातानें लिहवून घ्यावी.

ज्यांची मिळकत, सही आणि दागिने ऋणांत गुंतले आहेत, त्या सर्वांस त्या ऋणाचा आंकडा ठाऊक असणें हें न्यायाचें आहे आणि फायद्याचेंहि आहे. अब्रू झांकल्यानें राहत नाहीं. वेळेवर फेडल्यानें राहते. येत्या रविवारीं ही वही घरांत उघडावी आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तिच्यांतील शिल्लक मुद्दल मोठ्यानें वाचावें. दर खेपेस तो आंकडा थोडा थोडा उतरतांना ज्या घरांतील मुलें ऐकतील, त्यांना पुढें आपल्या संसारांत कर्ज केव्हां काढावें आणि केव्हां काढूं नये, हें निराळें शिकवावें लागणार नाहीं.