शर्यतीच्या दिवशी अंग साथ देत नसेल तर

चढाच्या छोट्या फेऱ्यांची सायकल शर्यत कठीण असते. सपाटीवर पुढच्याच्या आडोशाने वारा कमी लागतो. चढावर मात्र आपले वजन आपणच ओढायचे, तेही दर फेरीला. अपुरी झोप, उपाशी पोट तिथेच उघडे पडते.

सकाळी उठताच नाडी मोजावी. रोजच्यापेक्षा १० ठोके जास्त असतील तर अंग थकलेले समजावे. ताप असेल तर शर्यतीत उतरूच नये. छातीत दुखले, चक्कर आली तर थांबून दवाखाना गाठावा. नुसते पाय जड असतील तर हलका गिअर लावावा आणि चढापूर्वी घोळक्याच्या पुढे राहावे. मग थोडे मागे पडले तरी साथ सुटत नाही.

तथागतांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता : ती फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. म्हणून पालकांना आमचे सांगणे, शर्यत अर्ध्यात सोडून आलेल्या मुलाला हिणवू नका.