कोलकात्याचे सांडपाणी पचवणारी तळी

कोलकात्याच्या बाजारात येणाऱ्या रोहू-कटल्यांपैकी बरेचसे मासे शहराच्याच सांडपाण्यावर पोसलेले असतात. ऐकणारा नाक मुरडेल. पण शहराच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरांवर पसरलेल्या पाणथळ प्रदेशात हा उद्योग कित्येक पिढ्या चालत आला आहे.

त्याचे मूळ जमिनीच्या उतारात आहे. कोलकाता हुगळीकाठी वसले खरे, पण शहराचे पाणी वाहते पूर्वेला, एके काळच्या खाऱ्या दलदलीकडे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी भुयारी गटारे बांधली तीही याच उताराने, आणि सांडपाणी विद्याधरी नदीत सोडले. पुढे नदी गाळाने भरली, भरतीचे पाणी येईना. खाऱ्या पाण्यातल्या मासळीवर पोट असलेल्यांनी मग तळ्यांत सांडपाणी घेऊन पाहिले. मासे जगले, झपाट्याने वाढले. १९४० च्या दशकात कुलटी नदीपर्यंत नवे कालवे झाल्यावर त्यांतून चर काढून पाणी घेणारी तळी वाढत गेली. तिथे त्यांना भेडी म्हणतात.

भेडीचे काम हिवाळ्यात सुरू होते. तळे उपसून तळ उन्हात वाळवायचा, नांगरायचा, चुना टाकायचा. मग सांडपाणी आत घ्यायचे आणि थांबायचे. तळे उथळ असल्याने ऊन तळापर्यंत पोचते. जिवाणू मैला कुजवतात. त्यातून सुटलेल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ वाढते आणि दिवसभर पाण्यात प्राणवायू सोडते. पाणी हिरवे झाले की माशांची बोटुकली सोडायची. मासे हे शेवाळ आणि त्यावर जगणारे सूक्ष्मजीव खातात. काठाने राखलेली जलपर्णी लाटांपासून बांध सांभाळते आणि पाण्यातले काही जड धातू शोषून घेते. या साऱ्या प्रवासात सांडपाण्यातला सेंद्रिय भार ८० टक्क्यांहून अधिक उतरतो, तर मैल्यातले कोलिफॉर्म जिवाणू जवळजवळ नाहीसे होतात.

खरे कसब आहे पुढचे पाणी किती आणि केव्हा घ्यायचे यात. रात्री शेवाळही प्राणवायू वापरते, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन तोंडे वासू लागले की भेडीवाला समजतो, सांडपाणी जास्त झाले. चराचे दार बंद. पाण्याचा हिरवा रंग फिका पडला तर खाद्य संपत आले. दार पुन्हा थोडे उघडायचे. ढगाळ दिवसांत हात आखडता घ्यायचा. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात पंप आणि विजेवर होणारे काम इथे ऊन आणि माणसाची नजर करते, शिवाय त्यातून मासळी निघते. शेजारच्या धापा भागात शहराच्या कचऱ्याच्या खतावर भाज्या पिकतात आणि भेडीतून बाहेर पडलेले पाणी भातखाचरांना मिळते.

या व्यवस्थेची शास्त्रशुद्ध नोंद केली ध्रुवज्योती घोष यांनी. राज्य सरकारच्या सेवेतले हे अभियंते १९८० च्या दशकात शहराचे सांडपाणी शेवटी जाते कुठे, हे शोधत इथे पोचले. त्यांनी प्रदेशाचे नकाशे केले आणि भेडीवाल्यांकडून त्यांची विद्या समजून घेतली. १९९० मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘ग्लोबल ५००’ सन्मान मिळाला. १९९२ मध्ये ‘पब्लिक’ या नागरिक संघटनेच्या याचिकेवर कलकत्ता उच्च न्यायालयाने तळी बुजवण्यास मनाई केली. २००२ मध्ये हा प्रदेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. २००६ मध्ये राज्याने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. घोष २०१८ मध्ये वारले.

तरीही तळी बुजतच आहेत. सॉल्ट लेकसारखी अख्खी वसाहत १९६० च्या दशकात पाणथळ बुजवूनच उभी राहिली. आता पूर्वेकडच्या जमिनीचा भाव वाढला आहे. इथे चिमणी नाही, यंत्रांचा आवाज नाही, म्हणून बिल्डरला ही जागा मोकळी वाटते. शिवाय कालवे गाळाने भरले की टोकाच्या भेड्यांपर्यंत सांडपाणी पोचतच नाही. शहराला नकोसे झालेले पाणी इथे कमी पडते आणि मासळीचा खर्चही निघेनासा होतो. तळे कोरडे पडले की त्याचा प्लॉट व्हायला वेळ लागत नाही. कायद्याने तळे राखता येईल, पण ते चालते राहायचे तर कालव्यातला गाळ वेळेवर निघाला पाहिजे आणि दारावर बसणाऱ्याला त्यात चार पैसे सुटले पाहिजेत. नाहीतर मासे आजवर जे काम कमाई देऊन करत आले, तेच कोलकात्याला पैसे मोजून यंत्रांकडून करून घ्यावे लागेल.