गाडी ऑटोमॅटिक आहे? मगच ट्रान्समिशन कूलरचा विचार करा

हळदीच्या सीझनमध्ये वसमतच्या मोंढ्यात पोती घेऊन येणाऱ्या पिकअपना ट्रान्समिशन कूलर लागत नाही. त्या बहुतेक मॅन्युअल असतात, आणि हा खर्च ऑटोमॅटिकवाल्यांचा आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद तेलातून पुढे जाते, तेल घुसळून तापतं. त्यात हिंगोलीचा चाळिशीपारचा उन्हाळा आणि गच्च भरलेली एसयूव्ही! साधारण ९० अंशांपर्यंत ठीक, १२० च्या पुढे तेल लवकर खराब होतं.

कूलर रेडिएटरसमोर, हवा लागेल असा बसवतात. तेल आधी कंपनीच्या कूलरमधून, मग यातून गिअरबॉक्समध्ये परततं. पाइप सायलेन्सरपासून लांब हवेत. क्लॅम्प ढिला राहिला तर तेल रस्त्यावर आणि गिअरबॉक्स भंगारात. गाडी वॉरंटीत असेल तर आधी शोरूमला विचारा, नाहीतर क्लेम अडकू शकतो.