मुरुमांवरील पोटातून घ्यावयाची औषधे : अनुभव आणि समज

मुरूम आले म्हणून कोणी मरत नाही, असे आपल्या घरांतून सहज म्हटले जाते. ते खरेही आहे. परंतु सोळा ते पंचवीस या वयात आरशासमोर उभे राहावेसे न वाटणे, गॅदरिंगच्या फोटोत मागच्या रांगेत सरकणे, नोकरीच्या मुलाखतीला जाताना मान खाली घालणे, हे दुःख नव्हे काय? दुःख आहे हे मान्य करावे, त्याचे कारण शोधावे, ते दूर होऊ शकते हे जाणावे आणि त्यासाठी योग्य मार्ग धरावा, ही तथागतांची शिकवण. रोगाकडे पाहण्याचीही हीच रीत आहे. म्हणून या लेखात त्याच क्रमाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही डॉक्टर नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील आपले विद्यार्थी व नोकरदार तरुण-तरुणी यांच्याशी अभ्यासिकेत आणि रविवारच्या वंदनेनंतर आमचे बोलणे होत असते. त्यातून असे दिसले की, मुरुमांसाठी पोटातून अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक घेणारे पुष्कळ आहेत. पण ते कशासाठी, कसे व किती दिवस घ्यावयाचे हे जाणणारे थोडे आहेत.

मुरूम का येतात?

आपल्या त्वचेत केसांच्या मुळाशी तेलग्रंथी असतात. वयात येताना शरीरातील संप्रेरके वाढतात आणि या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी केसाच्या नळीच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसते. आत तेल साचते. त्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्निस नावाचे जीवाणू पोसतात. हे जीवाणू बाहेरून आलेले शत्रू नव्हेत. ते प्रत्येकाच्या त्वचेवर असतातच. पण कोंडलेल्या तेलात ते वाढले की शरीर त्यांच्याविरुद्ध उठते. जागा लाल होते, सुजते, पू धरते. तेल, बूच, जीवाणू आणि दाह अशी ही चार कारणांची साखळी आहे.

"अंगात उष्णता वाढली", "पोट साफ होत नाही", "तोंड नीट धूत नाही" असे घरची वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांचा हेतू चांगला असतो. परंतु मुरूम अस्वच्छतेने येत नाहीत. उलट दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने खसाखसा तोंड धुतल्यास त्वचा अधिकच चिडते. सकाळी आणि संध्याकाळी सौम्य साबणाने तोंड धुतले की पुरे. मात्र एप्रिल-मे महिन्यांत खचाखच भरलेल्या लोकलमध्ये दीड-दोन तास घामाने निथळणाऱ्या आपल्या मुलांचा त्रास वाढतो, हे खरे.

प्रतिजैविक काय करते?

१९४८ साली टेट्रासायक्लिन वर्गातील पहिले औषध जगापुढे आले. अमेरिकेतील ज्या कंपनीत डॉ. बेंजामिन डुग्गर यांनी ते शोधले, तेथील संशोधनाची धुरा तेव्हा आपल्या देशात जन्मलेल्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. याच वर्गातील डॉक्सिसायक्लिन १९६७ पासून वापरात आहे. मुरुमांसाठी आज डॉक्टर बहुधा हेच लिहून देतात. काही वेळा मिनोसायक्लिन किंवा वेगळ्या वर्गातील अ‍ॅझिथ्रोमायसिनही देतात.

ही औषधे दोन कामे करतात. जीवाणूंची वाढ रोखतात आणि दाह कमी करतात. म्हणजे चार कड्यांपैकी दोनच कड्यांवर त्यांचा अंमल चालतो. तेल कमी करणे वा नळीचे बूच काढणे हे त्यांचे काम नव्हे. बूच काढण्यासाठी अ‍ॅडापॅलीनसारखे, आणि जीवाणूंवर दुसऱ्या बाजूने मारा करण्यासाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड हे लावावयाचे औषध सोबत देतात. कॅप्सूल घेतली पण मलम आणलेच नाही, तर उपचार अर्धाच झाला. साधे काळे-पांढरे ठिपके असतील तर कॅप्सूलची गरजच नसते. लाल, दुखरे, पू धरणारे मुरूम छातीवर व पाठीवरही पसरले असतील, तेव्हा तिचा विचार होतो.

तीन अनुभव

ज्यांचे हे अनुभव आहेत त्यांच्या संमतीने, पण नावे न देता ते येथे सांगतो.

पहिला अनुभव कल्याण पूर्वेकडील एका भगिनीचा. लग्नाची बोलणी चालू होती. घराजवळच्या एका मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या दिल्या. आठवड्यात चेहरा निवळला. पुढील महिन्यात मुरूम परत आले, तिने पुन्हा तीन गोळ्या घेतल्या. असे वर्षभर चालले. शेवटी गोळ्यांचा गुण येईनासा झाला. त्वचारोगतज्ज्ञांनी विचारपूस केली तेव्हा कळले की तिची मासिक पाळी अनियमित होती आणि हनुवटीवर केसही येत होते. मूळ दुखणे संप्रेरकांचे होते. त्याची तपासणी व उपचार वर्षभर मागे पडले.

दुसरा अनुभव डोंबिवली एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या एका बंधूचा. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिले होते. सकाळी थकून घरी आल्यावर तो कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवा होई. पाचव्या दिवशी छातीत जळजळ सुरू झाली आणि घास गिळवेना. घरच्यांना हृदयविकाराची शंका आली. प्रत्यक्षात कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण पडला होता. औषध चुकीचे नव्हते, घेण्याची पद्धत कोणी समजावली नव्हती.

तिसरा अनुभव ठाण्यातील, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचा. पहिल्या महिन्यात काहीच फरक दिसेना, म्हणून तो औषध सोडावयास निघाला होता. डॉक्टरांनी आधीच बजावले होते की फरक दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करीत बारा आठवडे कॅप्सूल आणि मलम दोन्ही नेमाने वापरले. नंतर डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली व रात्री लावावयाचे मलम तेवढे चालू ठेवले. आज एखाददुसरा मुरूम येतो, जातो. तो म्हणतो, "चेहरा पूर्ण साफ झाला नाही, पण डोक्यातून तो विषय गेला."

तिघांच्याही औषधांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो सल्ला, पद्धत आणि मुदत यांत.

कॅप्सूल कशी घ्यावी?

डॉक्सिसायक्लिन घेताना पुढील गोष्टी पाळाव्यात. बसून किंवा उभे राहून, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, आडवे होऊ नये. पोटात मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या किंवा अ‍ॅसिडिटीची औषधे त्याच वेळी घेऊ नयेत, कारण ती या औषधाला बांधून ठेवतात व ते रक्तात नीट उतरत नाही. आपल्या अनेक भगिनी रक्त कमी असल्यामुळे लोहाच्या गोळ्या घेतात. त्यांनी दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे व डॉक्टरांना तसे सांगावे.

या औषधाने त्वचा उन्हाला हळवी होते. भर दुपारी क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी व उन्हातान्हात फिरून काम करणाऱ्यांनी टोपी, छत्री वापरावी. गर्भवती स्त्रियांनी आणि आठ वर्षांखालील मुलांना हे औषध मुरुमांसाठी घ्यावयाचे वा द्यावयाचे नसते. मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. स्त्रियांना योनिमार्गात खाज वा पांढरा स्राव होऊ शकतो. लाज न धरता डॉक्टरांना सांगावे, त्यावर सोपा उपाय आहे. तीव्र डोकेदुखी व धूसर दिसणे, अंगावर पुरळ उठणे किंवा जोराचे जुलाब अशी लक्षणे दिसली तर औषध थांबवून ताबडतोब दाखवावे. एकाचे औषध दुसऱ्याने, थोरल्या बहिणीचे धाकटीने, असे तर मुळीच घेऊ नये.

मुदत का पाळावी?

मुरुमांसाठीचे प्रतिजैविक साधारणपणे तीन ते चार महिन्यांपलीकडे चालवू नये, असे आज त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. कारण समजून घेऊ. पोटात गेलेले औषध केवळ चेहऱ्यावरच्या जीवाणूंपर्यंत पोचत नाही. ते आतडे, नाक, घसा येथील जीवाणूंनाही भेटते. कमजोर जीवाणू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. मग एखाद्या खऱ्या संकटात तेच औषध निकामी ठरू शकते. हे चिवट जीवाणू घरातल्या माणसांतही पसरतात. म्हणजे हा प्रश्न एकट्याच्या चेहऱ्याचा राहत नाही. जगात २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आपल्या भागाला ही औषधे परकी नाहीत. २६ जुलै २००५ च्या महापुरात कल्याण-बदलापूर परिसर पाण्याखाली गेला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. पुराच्या पाण्यातून चालत गेलेल्यांना या रोगापासून वाचविण्यासाठी जे औषध देतात, ते हेच डॉक्सिसायक्लिन. पावसाळ्यात घरोघरी दिसणाऱ्या टायफॉइडवर आज अ‍ॅझिथ्रोमायसिन हे महत्त्वाचे औषध आहे. ज्या औषधांवर जीव अवलंबून असतात ती शेंगदाण्यासारखी खावयाची नसतात.

म्हणूनच कायद्याने ही औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. २०१६ मध्ये केंद्र सरकारने लाल रेघेची मोहीम सुरू केली. ज्या औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे, ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये, असा तिचा अर्थ. ही खूण शाळकरी मुलालाही ओळखता येते. घरातील औषधांचा डबा काढून एकदा ती अवश्य पाहावी.

काळे डाग आणि गोरेपणाचा मोह

मुरूम बसला तरी आपल्या सावळ्या त्वचेवर काळसर डाग काही महिने राहतो. तो डाग म्हणजे मुरूम नव्हे. त्यावर प्रतिजैविकाचा काहीही उपयोग नाही. डाग दिसतात म्हणून कॅप्सूल पुढे चालू ठेवणारे अनेकजण आम्हांस भेटले. ऊन टाळणे, मुरूम न फोडणे आणि थोडा धीर धरणे हाच त्यावर मोठा उपाय आहे.

येथेच दुसरा धोका आहे. गोरे करण्याच्या नावाखाली स्टेरॉइड मिसळलेली मलमे सर्रास लावली जातात. चार दिवस चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, लाली येते, केस उगवतात आणि स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम येतात. २०१८ मध्ये सरकारने अशा अनेक मलमांवर चिठ्ठीची सक्ती केली. परंतु खरा इलाज आपल्या मनात आहे. रंगावरून माणसाची किंमत ठरविणारी दृष्टी ही जातीवरून किंमत ठरविणाऱ्या दृष्टीचीच बहीण आहे. ज्या समाजाने एक नाकारली त्याने दुसरी घरात का ठेवावी? मुलगी पाहावयास जाताना आपण स्वतः रंगाची चौकशी करतो काय, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावे.

कोठे जावे?

खाजगी तज्ज्ञांची फी परवडत नाही म्हणून अनेकजण थेट मेडिकलच्या दुकानात जातात. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालये आहेत. तेथे प्रथम चौकशी करता येते. कळवा येथे ठाणे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. मध्य रेल्वेवरच शीव येथे लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. त्वचाविभागाची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून जावे, म्हणजे खाडा वाया जात नाही. जाताना आजवर घेतलेल्या औषधांची रिकामी पाकिटे व वापरलेली मलमे बरोबर न्यावीत. गाठीसारखे मोठे मुरूम येऊन खड्डे पडत असतील तर उशीर करू नये. त्यावर आयसोट्रेटिनॉइन हे वेगळे, प्रभावी औषध आहे. मात्र ते गर्भाला अत्यंत घातक असल्याने तज्ज्ञांच्या देखरेखीतच घ्यावयाचे असते.

उपसंहार

विनयपिटकात वैद्य जीवकाची कथा आहे. तक्षशिलेत शिक्षण संपताना आचार्यांनी त्याला आसपासच्या एक योजन परिसरातून औषधी नसलेली वनस्पती शोधून आणावयास सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतला. प्रत्येक वस्तूत औषध पाहणारा हा वैद्य पुढे भगवंतांवर उपचार करताना मात्र किती जपून वागला! आधी काही दिवस शरीराला तेल लावून तयारी केली, मग सौम्य रेच मोजून दिला. औषध मुबलक असले तरी मात्रा मोजूनच द्यावयाची, हा त्या कथेतून आम्ही घेतलेला धडा आहे.

कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा, असे सांगितले. औषधाला घाबरून दूर पळणे हे एक टोक आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळ्या गिळणे हे दुसरे टोक. यांच्यामधला मार्ग म्हणजे जाणकाराला विचारून, समजून घेऊन, ठरलेल्या मुदतीपुरते औषध घेणे. आपल्या विद्यार्थ्यांनी तो धरावा आणि आपल्या धाकट्या भावंडांनाही दाखवावा, एवढीच आमची मंगल कामना.

भवतु सब्ब मंगलम्! जय भीम!