पंच्याऐंशी अंशांची खोली

आमच्या आईला कधीच उकडत नाही. निदान ती तसे सांगते. यंदा एप्रिलात मागच्या अंगणातल्या तिच्या खोलीत ती भरदुपारी घेरी येऊन पडली. डोळे उघडल्यावर पहिले वाक्य, "काही नाही रे, जरा डोळा लागला होता." खोलीवर पत्रा आहे. पुढच्या खोलीत ये म्हटले की नको म्हणायला तिच्याकडे तेरा कारणे!

शेवटी पुरावाच गोळा करायचे मी ठरवले. मी पडलो मराठीचा मास्तर. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण अकरावीतल्या चिरंजीवांना असल्या उद्योगांचा भारी नाद. दिवाणखाना, स्वयंपाकघर, जिना आणि आईची खोली अशा चार ठिकाणी तापमान मोजणारे संवेदक बसवायचे, असा बेत ठरला. डीएस१८बी२० नावाचा हा संवेदक हरभऱ्याएवढा आणि तीन पायांचा. प्रत्येकाला कारखान्यातच वेगळा क्रमांक मिळतो. त्यामुळे सगळे एकाच तारेवर बसले, तरी हाक मारली की ज्याचा तोच ओ देतो. माझ्या वर्गातल्या हजेरीला हे अजून साधलेले नाही.

इंटरनेटची केबल भिंतींच्या कडेकडेने वळसे घेत नेली, ती चाळीस मीटर भरली. आईला चष्म्याविना दिसावी म्हणून तिच्या खोलीत मोठ्या आकड्यांची दिव्यांची पाटी लावली. "मी काय आंब्याची अढी आहे, ऊब मोजायला?" असे म्हणून तिने भिंतीकडे तोंड फिरवले.

पहिल्याच रात्री अकराला माझा फोन केकाटला. आईची खोली, ८५ अंश! मी अनवाणी धावलो. मातुश्री गोधडी पांघरून झोपलेल्या. "काय रे, चोर आला का?"

चिरंजीव मात्र खूश. "बाबा, ८५ म्हणजे ताप नाही, उपासमार आहे!" या संवेदकाला वीज मिळाली की पहिले मोजमाप होईपर्यंत त्याच्या पोटात ८५ हाच आकडा असतो. मोजता मोजता वीज खचली की तो पुन्हा जन्म घेतो आणि तेच ८५ सांगतो. आणि वीज का खचली? केबलीतली तार जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची. चाळीस मीटर जाणे आणि चाळीस मीटर येणे मिळून तिचा रोध सुमारे सात ओहम. आईची पाटी पाव अँपिअर खाणारी. म्हणजे पावणेदोन व्होल्ट वाटेतच गळाले! त्यात इतर ठिकाणांचा भार. निघाले पाच, पोचले जेमतेम तीन. आणि तीनच्या खाली या संवेदकाचे चालत नाही. वरच्या मजल्यावरच्या नळाला धार का येत नाही, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना अधिक सांगायला नको.

उपाय जुनाच निघाला. १८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कमध्ये ११० व्होल्टांची वीज विकायला काढली, ती जेमतेम मैलभर पोचे. खोपोलीची वीज १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांपर्यंत आली, ती उंच दाबाने धाडल्यामुळे. दाब वाढवला की तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो, आणि प्रवाह कमी तेवढी वाटेतली गळती कमी. आम्हीही केबलीत बारा व्होल्ट सोडले आणि प्रत्येक मुक्कामी त्यांचे पाच करणारे छोटे कन्व्हर्टर बसवले. वाटेत एखादा व्होल्ट सांडला तरी तिथे पाचच मिळतात. सुरुवातीला फ्यूज घातला आणि घरातल्या २३० व्होल्टांच्या वायरिंगपासून केबल दूर ठेवली. हे शेवटचे आमच्या वायरमनने दटावून करवून घेतले.

मग खरे आकडे आले. मे महिन्यातली दुपार : दिवाणखाना ३३, आईची खोली ४१. मध्यरात्रीसुद्धा ३५. आई पाटीकडे बराच वेळ पाहत बसली. "एवढं होतं होय रे?" ती हळूच म्हणाली. कारण मात्र एकही निघाले नाही.

आता ती माझ्या अभ्यासिकेत झोपते आणि माझी पुस्तके पत्र्याखाली गेली आहेत. त्यांना ४१ अंश मानवतात का, हे चिरंजीवांना विचारायचे राहिले आहे.