पगार आणि समाधान : आगरकरांच्या एका पत्राच्या निमित्ताने

(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘पुढे काय करणार?’ हा प्रश्न बी. ए.च्या विद्यार्थ्याला जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा त्याला त्याचे नावही कोणी विचारत नसेल. एस. टी.त, पारावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हाच प्रश्न. उत्तरे दोनच चालतात. जास्त पगाराची नोकरी धरणार म्हटले की ‘शहाणा आहे’. मनाजोगते काम करणार म्हटले की ‘याच्या घरचे बरे दिसते’. वक्तृत्व स्पर्धांतही ‘पैसा श्रेष्ठ की समाधान श्रेष्ठ’ हा विषय दरवर्षी असतोच. गेल्या वर्षी मी समाधानाच्या बाजूने बोललो आणि उत्तेजनार्थ बक्षीस मिळवले. घरी गेल्यावर वडिलांनी पाकिटात किती आहेत ते आधी पाहिले. मला तेव्हा थोडे वाईट वाटले. आज वाटत नाही. का वाटत नाही, तेच या लेखात मांडायचे आहे.

अर्थशास्त्राच्या पेपरला आपण घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम शिकतो. वस्तूचा प्रत्येक पुढचा नग आधीच्या नगापेक्षा कमी समाधान देतो, असा तो नियम. पैशालाही तो बराचसा लागू पडतो. पगाराचे पहिले काही हजार रुपये किराणा दुकानदाराच्या वहीतले आपले नाव खोडतात. त्यापुढचे घरावरचे गंजलेले पत्रे बदलतात, आजीच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढतात. त्याही पुढचे मोटारसायकल आणतात, आणि मग कुठेतरी प्लॉट. प्रत्येक पायरीवर आनंद आहे. पण दुकानदारासमोर मान वर करून उभे राहण्याचा आनंद प्लॉटच्या सातबाऱ्यात नाही.

परदेशात या विषयावर पुष्कळ संशोधन झाले आहे. २०१० साली डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन या दोन विद्वानांनी (दोघांनाही अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले आहे) अमेरिकेतील माणसांची पाहणी करून दाखवले, की वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलरपर्यंत रोजच्या मनःस्थितीत सुधारणा होते, पुढे ती थांबते. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ या संशोधकाने उलट निष्कर्ष काढला, की ती थांबत नाही. भांडत न बसता काहनेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी आणखी एका संशोधिकेला मध्यस्थ घेऊन २०२३ मध्ये एकत्र निबंध लिहिला. बहुतेकांचे समाधान उत्पन्नाबरोबर वाढतच जाते; फक्त जे मुळातच फार दुःखी आहेत त्यांच्या बाबतीत ते एका मर्यादेनंतर अडते, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे पैशाने सुख मिळत नाही हे आपले सुभाषितवजा वाक्य अमेरिकेतसुद्धा पुरते खरे ठरलेले नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ‘आकांक्षित’ म्हणून निवडलेल्या आपल्या जिल्ह्यात ते किती खरे असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

परंतु या सगळ्या हिशेबात मला एक गोष्ट खटकते. त्यात कमावणारा आणि सुखी होणारा माणूस एकच धरलेला असतो. आपल्या घरांत तसे नसते. समाधान माझे एकट्याचे. पगार मात्र पाच जणांचा. हे मला प्रथम लख्ख दिसले ते गोपाळ गणेश आगरकरांचे चरित्र वाचताना.

आगरकरांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी, अत्यंत गरीब घरात झाला. शिक्षणासाठी ते कऱ्हाड, अकोला असे फिरत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. अंगात एकच सदरा. तो रात्री धुऊन सकाळी घालायचा, असे त्यांच्या विद्यार्थिदशेविषयी सांगतात. त्या काळी एम. ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरी जवळजवळ चालून येई. अशा वेळी या मुलाने आईला पत्र लिहिले. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता तो मोठ्या पगाराला लागेल आणि आपले पांग फिटतील, असे मनोरे तू रचत असशील. पण मी पोटापुरत्या मिळकतीवर राहून माझा वेळ लोकांच्या कामी लावणार आहे, हे तुला आताच सांगून ठेवतो, असा त्या पत्राचा आशय आहे. पुढे ते १८८० साली सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, ‘केसरी’चे पहिले संपादक झाले, १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते.

या पत्राचा उल्लेख त्यागाचा नमुना म्हणून नेहमी होतो. मला त्यातले दोन शब्द जास्त महत्त्वाचे वाटतात. एक ‘पोटापुरते’, दुसरा ‘आताच’. आगरकर पैसा नको म्हणत नाहीत; किती हवा ते ठरवतात. आणि ज्या व्यक्तीच्या आशेतून तो वजा होणार आहे तिला ते आधी कळवतात. नोकरी नाकारून मग घरी सांगितले असते, तर आज आपण त्या पत्राचे एवढे कौतुक केले असते का?

त्याच संस्थेतले दुसरे उदाहरण गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. वडील वारले तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, स्वतःचे शिक्षण सोडून महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते धाकट्या गोपाळला शिक्षणासाठी पाठवीत. पंधरांतले आठ! बी. ए. झाल्यावर गोपाळराव डेक्कन एज्युकेशन सोसायटीत गेले. तेथील आजीव सदस्याने वीस वर्षे दरमहा ७५ रुपयांवर शिकवायचे असा करार असे. गोखल्यांचे नाव आपण सारे घेतो. गोविंदरावांचे नाव मी तरी त्यापूर्वी ऐकले नव्हते. कमी पगाराचे काम जो निवडतो, त्याच्या उरलेल्या पगाराचा भरणा घरातले कोणीतरी करत असते, आणि त्याचे नाव पुस्तकात बहुधा नसते.

त्यागी माणसांत पैशावरून कुरबुर होत नाही, अशीही एक समजूत आहे. ती खोटी आहे. याच सोसायटीत सदस्यांचे पगार वाढवावेत की नाही, बाहेरच्या कामाचे उत्पन्न सदस्याने ठेवावे की संस्थेला द्यावे, यावरून वर्षानुवर्षे वाद झाले. सामाजिक सुधारणेबाबतचे मतभेद तर होतेच. अखेर १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. टिळकांचे म्हणणे असे, की व्रत घेतले आहे तर ते पाळलेच पाहिजे. तत्त्व म्हणून ते बिनतोड आहे. पण वाढता संसार आणि दमा सांभाळणाऱ्या माणसाला पंचाहत्तर रुपये कमी पडू शकतात, हेही खरे. माझा कल आगरकरांकडे आहे. १८९५ मध्ये ते गेले तेव्हा वयाची ३९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. मागे यशोदाबाई आणि मुले.

ज्यांना असा घरचा भार नव्हता, किंवा ज्यांनी आधी त्याची तजवीज केली होती, त्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. आपल्या जिल्ह्यात लोहारा तालुक्यात हिप्परगा (रवा) येथे निजामी राजवटीत, १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश खेडगीकर तेथे शिक्षक होते. नंतर त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांनी केले. संन्याशाला संसार नसतो, हे त्या निर्णयातले बळ होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. त्यांनी १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, डॉक्टरी सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ उभा केला. धाडस मोठेच, यात शंका नाही. पण हातात असलेला व्यवसाय सोडणे वेगळे आणि काहीच हातात नसताना नाकारणे वेगळे. ‘मनाचा कौल घ्या’ असे व्याख्यानांत सांगणारे पाहुणे हा भेद सहसा करीत नाहीत.

आता माझे. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फिटेपर्यंत कारखान्याच्या हद्दीत कोपी घालून राहायचे. नवराबायको मिळून एक कोयता, असा तो हिशेब. रात्री-अपरात्री ट्रॅक्टर आला की मोळ्या डोक्यावरून भरायच्या. मला इतिहासात एम. ए. करायचे आहे आणि शिकवायचे आहे. माझा चुलतभाऊ म्हणतो, पोलीस भरतीची तयारी कर. पळतोस चांगला, उंची आहे. त्याचे चुकते असे नाही. एम. ए. करून, सेट-नेट होऊनही तासिका तत्त्वावर शिकवणारे लोक आपण रोज पाहतो. जितके तास तितके पैसे, आणि सुट्टीत काही नाही. त्यांपैकी काही हा लेख वाचतील. त्यांनी राग मानू नये. त्यांचा तास मला आवडतो म्हणूनच हा घोळ झाला आहे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आईचा फोन आला. तेव्हा ग्रंथालयातून आणलेले चरित्र माझ्याजवळ होते. आगरकरांसारखे पत्र लिहून उपयोग नव्हता, आईला वाचता येत नाही. म्हणून मी तिला त्यांचेच पत्र वाचून दाखवले. मध्ये दोनदा फोन कट झाला. शेवटी ती म्हणाली, “मंग त्याच्या मायनं काय लिवलं?”

मी पुस्तक चाळले. मुलाचे पत्र होते, आईचे उत्तर नव्हते. तसे मी तिला सांगितले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने मलाच विचारले, किती वर्षे लागतील? मी म्हणालो, बी. ए.चे एक आणि एम. ए.ची दोन. मागे वडिलांशी काहीतरी बोलणे झाल्याचे ऐकू आले. मग म्हणाली, “ह्यो हंगाम सोड. म्होरले दोन करू आमी. तिसऱ्याला गुडघं न्हाई म्हनत्यात.”

तिने आपला आकडा सांगितला. इतक्या स्पष्टपणे हा हिशेब आमच्या घरात पूर्वी कोणी मांडला नव्हता, मीही नाही. त्या रात्री मी वहीत एका बाजूला फी, खोलीभाडे, मेस लिहिले आणि दुसऱ्या बाजूला शिष्यवृत्ती, विद्यापीठातली ‘कमवा आणि शिका’ योजना, उन्हाळ्यात गावाकडे मिळणारी रोजंदारी. भरतीचा अर्ज या वर्षी भरून ठेवायचा, हेही लिहिले. तीन-चारदा बेरीज केली. अजून एक हंगाम कमी पडतो आहे.