आठ महिन्यांचं कुत्रं अचानक ऐकेनासं का होतं?

आसनगाव लोकलमध्ये उभे असाल, कल्याण-मुरबाड एसटीत खिडकी पकडली असेल, नाहीतर एमआयडीसीतली शिफ्ट संपवून बाइकला किक मारणार असाल, सगळ्यांचं स्वागत. ज्यांच्याकडे रेंज जाते-येते त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहूनही देतोय.

आजचा विषय कुत्र्याचा. पिल्लाचा नाही, मोठ्या कुत्र्याचा पण नाही. मधल्याचा. म्हणजे साधारण सहा महिने ते दीड वर्ष, मिसरूड फुटलेलं वय.

काय होतं माहितीये का, तीन महिन्यांचं पिल्लू सगळ्यांना हवं असतं. रील बनते, स्टेटस लागतं. तेच पिल्लू आठ महिन्यांचं झालं की हाक मारली तर मान वळवून बघतं आणि उलट्या दिशेला पळतं. शेजारच्यांच्या कोंबड्या उधळतं, बाइकमागे धावतं, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतं, चपला फाडतं. मग घरात निकाल लागतो: "कुत्रं वाया गेलं." त्यानंतर तीनपैकी एक गोष्ट होते. आखूड साखळीला कायमचं बांधून टाकतात, किंवा "फिरू दे गावात" म्हणून मोकाट सोडतात, किंवा गाडीत घालून हायवेला, घाटात सोडून येतात. सेकंड होमवाल्यांच्या लॅब्रॅडॉरचं पण हेच. शनिवार-रविवारी लाड, बाकीचे पाच दिवस वॉचमनच्या खोलीमागे साखळी.

मला आज एकच गोष्ट सांगायचीये. ते कुत्रं वाया गेलेलं नाही, वयात आलंय. हे वय सरतं. पण ते सरेपर्यंतच्या महिन्यांत आपण जे करतो, त्यावर पुढची दहा-बारा वर्षं ठरतात.

डोक्यात नेमकं काय चालतं?

सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ आलेले असतात. त्याच सुमारास हार्मोन सुरू होतात. नर तंगडी वर करून जागोजागी खुणा करू लागतो. मादी पहिल्यांदा माजावर येते. अंगात ताकद मोठ्या कुत्र्याची येते, पण स्वतःला आवरायची अक्कल अजून पिकलेली नसते. आमच्या भाषेत सांगायचं तर अपडेट अर्धवट इन्स्टॉल झालंय आणि फोन वापरात आहे. मध्येच हँग होणारच.

याच्यावर एक झकास अभ्यास आहे. ब्रिटनमधल्या लूसी ॲशर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली 'बायोलॉजी लेटर्स' या नियतकालिकात तो छापला. अंध लोकांना वाट दाखवण्यासाठी तयार होणारी कुत्री त्यांनी घेतली, म्हणजे लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर वगैरे. पाच महिन्यांची असताना आणि परत आठ महिन्यांची झाल्यावर त्यांना "बस" हा हुकूम देऊन बघितला. आठ महिन्यांना ती आपल्या सांभाळणाऱ्या माणसाचं आधीपेक्षा कमी ऐकत होती. आणि गंमत पुढे आहे. तोच हुकूम अनोळखी माणसाने दिला, तर ऐकत होती!

म्हणजे कुत्रं विसरलेलं नसतं. त्याला "बस" चांगलं कळतं. फक्त घरच्या माणसाचं ऐकायचं नसतं. ओळखीचं वाटतंय ना? दहावीतलं पोरगं क्लासच्या सरांना "हो सर" म्हणतं आणि घरी आईने पाणी भर म्हटलं की कानात इअरफोन. त्याच अभ्यासात सांभाळणाऱ्यांना प्रश्नावल्या पण दिल्या होत्या. त्यातून दिसलं की कुत्री वर्षाची होईपर्यंत हा खड्डा बराचसा भरून निघतो. मोठ्या जातीची कुत्री पुरती शांत व्हायला दीड-दोन वर्षं लागू शकतात. पण कायमचं असं राहत नाही.

आपल्याकडे हे वय जास्त अवघड का?

शहरात फ्लॅटचं दार बंद केलं की कुत्रं आत. शहापूर-मुरबाडच्या गावात दार म्हणजे नुसतं नावाला. अंगणाला कुडाचं कुंपण, ते पण अर्धं पडलेलं. बाहेर कोंबड्या, शेळ्या, वासरं, शाळेची पोरं, सुसाट बाइका. मुंबई-नाशिक हायवे आहे, माळशेजकडे जाणारा रस्ता आहे. तरण्या कुत्र्यासाठी ही जत्राच.

कुत्र्याला पळणाऱ्या गोष्टीमागे धावायला कुणी शिकवावं लागत नाही. धावण्यातच मजा असते. त्यात एकदा कोंबडी तोंडात आली की ती त्याची लॉटरी. नंतर तुम्ही कितीही ओरडा, त्याच्या डोक्यात लॉटरी पक्की बसते. आणि गावात एका कोंबडीवरून काय काय होतं ते मी सांगायला नको. आधी भांडण, मग काठी, आणि एखाद्या सकाळी कुत्रं तोंडाला फेस आलेलं सापडतं. कुणी काय घातलं, कुणालाच माहीत नसतं.

दुसरी गोष्ट बिबट्या. तानसा अभयारण्य आपल्या दारात आहे आणि माळशेज ओलांडला की जुन्नर. सह्याद्रीच्या पलीकडे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून त्याचं खाणं काय ते शोधलं होतं. वजनाच्या हिशोबात सगळ्यात मोठा वाटा निघाला पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा, तब्बल ३९ टक्के. रात्री भुंकत अंधारात धाव घेणारं, अजून धोका न कळणारं आठ-दहा महिन्यांचं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. आणि ते ताट अंगणात असेल तर बिबट्या पण अंगणापर्यंत येणार, जिथे आपली पोरं खेळतात. त्यामुळे रात्री कुत्रं आत, हा नियम पाळायचा. पडवीला दार असेल तर पडवीत, नाहीतर घरात किंवा मजबूत जाळीच्या खुराड्यात. रात्री उघड्यावर बांधून ठेवणं तर मोकळं सोडण्यापेक्षाही वाईट, कारण त्याला पळता पण येत नाही.

मग करायचं काय?

एक, लांब दोरी. कासरा माहितीये ना? स्टेशन नाही, बैलाचा कासरा. तसलीच हलकी, आठ-दहा मीटरची दोरी घ्या. ती गळ्यातल्या पट्ट्याला नाही, छातीच्या पट्ट्याला बांधा, म्हणजे झटका मानेला बसत नाही. शेतात, माळावर कुत्र्याला या दोरीवर फिरू द्या. त्याला वाटतं आपण मोकळे आहोत, आणि टोक तुमच्या हातात किंवा पायाखाली. दोरी हाताला गुंडाळू मात्र नका, बोटं जातील. या वयाची अर्धी लढाई इथेच जिंकता येते, कारण जी कोंबडी त्याला मिळालीच नाही तिची सवय पण लागत नाही.

दोन, हाक महाग ठेवा. आपण काय करतो, "ये ये ये ये" दहा वेळा ओरडतो. दहाव्या वेळेपर्यंत त्या शब्दाची किंमत शून्य होते. आणि आलंच तर लगेच साखळीला बांधतो. मग कुत्र्याने काय समजायचं? "ये" म्हणजे मजा संपली. उलटं करा. एकदाच हाक मारा. आलं की उकडलेल्या अंड्याचा, चिकनचा बारीक तुकडा द्या, पाठ थोपटा आणि परत सोडा. दहापैकी नऊ वेळा परत सोडा, एकदाच घरी न्या. येणार नाही असं दिसत असेल तर हाक वाया घालवू नका, गुपचूप जाऊन दोरीचं टोक उचला.

तीन, नाकाला काम द्या. नुसतं पळवून कुत्रं थकत नाही, उलट त्याचा दम वाढतो. रोजच्या जेवणातले तुकडे पेंढ्यात किंवा गवतात विखरून टाका आणि "शोध" म्हणा. पंधरा-वीस मिनिटं नाकाने शोधलेलं कुत्रं गपगार झोपतं. आणि झोप पण हवी. या वयाच्या कुत्र्याला दिवसाचे बारा तास किंवा जास्तच झोप लागते. संध्याकाळी वेड्यासारखं अंगणात गोल गोल पळतंय, चावतंय, तर बऱ्याचदा ते न झोपलेल्या लहान पोरासारखं किरकिरत असतं.

चार, कोंबड्या लांबून दाखवा. दोरीवर धरून इतक्या अंतरावर बसा की त्याला कोंबड्या दिसतील पण ते ओढणार नाही. कोंबडीकडे बघून परत तुमच्याकडे बघितलं की तुकडा. रोज पाच-दहा मिनिटं. अंतर आठवड्या-आठवड्याने कमी करा. बाइकसाठी पण हीच पद्धत. तोपर्यंत कोणाची कोंबडी मेलीच, तर वाद न घालता, "काका, चुकलं आमच्या कुत्र्याचं, किती द्यायचे?" म्हणून पैसे देऊन टाका. कुत्र्याच्या जिवापेक्षा ते स्वस्त आहे.

पाच, उडीला भाव देऊ नका. अंगावर उडी मारली की आपण हात लावतो, ओरडतो, ढकलतो. त्याच्यासाठी हा सगळा खेळच. त्यापेक्षा पाठ फिरवा, गप्प उभे राहा. चारही पाय जमिनीवर आले की लगेच लाड. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा. आजोबा म्हणणार "असू दे", आणि तुम्ही ओरडणार, तर ते शिकणार काय?

सहा, मारू नका. हे मी भावनेने नाही, हिशोबाने सांगतोय. कोंबडी मारून दहा मिनिटांनी कुत्रं तुमच्याजवळ आलं आणि तुम्ही काठी घातली, तर त्याला कळलं काय? "मालकाजवळ गेलं की मार बसतो." पुढच्या वेळी ते येणारच नाही. शिवाय याच वयात बरीच कुत्री अचानक भित्री होतात, कालपर्यंतच्या छत्रीला घाबरतात, फटाक्यांनी थरथरतात. त्या वेळी बसलेली भीती आयुष्यभर राहू शकते, आणि घाबरलेलं कुत्रंच चावतं. गावात तसंही सगळीकडे त्याला "हाड! हाड!" ऐकायला मिळतं. निदान घरी तरी "यू यू" ऐकू दे.

भाद्रपद आणि डॉक्टर

'भाद्रपदातली कुत्री' हा शब्द आपण चेष्टेत वापरतो, पण त्यात निरीक्षण आहे. पावसाळा सरताना गावातल्या माद्या मोठ्या संख्येने माजावर येतात आणि नर दोन-दोन दिवस घरी येत नाहीत. तरणं कुत्रं त्या टोळीत जाऊन कान फाडून घेतं, नाहीतर गाडीखाली येतं. मादीचा माज साधारण तीन आठवडे चालतो आणि गाभण राहिली की नऊ आठवड्यांत पिल्लं. त्या पिल्लांना घर कुठून आणणार? म्हणून नसबंदी कधी करायची हे पशुवैद्यकीय डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. नसबंदीने भटकणं कमी व्हायला मदत होते. कोंबडीमागे धावणं मात्र तिने थांबत नाही, ते शिकवावंच लागतं.

रेबीजची लस पहिल्यांदा तीन महिन्यांच्या सुमारास, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दरवर्षी. खेळताना सुद्धा दात लागून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना-मिरची काही लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीज एकदा झाला की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. यात आळस चालत नाही.

आणि प्रत्येक गोष्ट वयावर ढकलू नका. कुत्रं एकदम गुरगुरायला लागलं, खाणं सोडलं, कानाला हात लावू देत नाही, तर गोचीड बघा, कान बघा, डॉक्टरांना दाखवा. दुखणारं कुत्रं पण "ऐकत नाही" असंच दिसतं.

साखळीबद्दल दोन शब्द

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये तीन गोष्टी गुन्हा म्हणून लिहिल्यात: जनावराला फार आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधणं, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, आणि कारणाशिवाय जनावर सोडून देणं. म्हणजे घाटात सोडून येणं फक्त निर्दयपणा नाही, बेकायदेशीर पण आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब बघा. दिवसभर बांधलेल्या तरण्या कुत्र्याची ताकद कुठे जाते? कुठेच नाही, साठत राहते. सुटलं की ते आधीपेक्षा जास्त उधळतं, मग आपण जास्त बांधतो. हे चक्र तोडायचं असेल तर सकाळी अर्धा तास, संध्याकाळी उजेड असेपर्यंत अर्धा तास लांब दोरीवर फिरवा. नोकरीमुळे तुम्ही दिवसभर बाहेर असाल तर घरातल्या धाकट्या भावंडाला, आईला ही पद्धत शिकवा. शनिवार-रविवारच्या प्रेमावर हे वय निघत नाही.

तर मंडळी, ज्याच्या घरी सात-आठ महिन्यांचं कुत्रं आहे आणि ज्याची आई "सोडून ये ते कुठेतरी" म्हणतेय, त्याला हा एपिसोड पाठवा. आईंना सांगा, अजून सहा-आठ महिने. तोपर्यंत दोरी हातात, तुकडा खिशात, आणि रात्री कुत्रं आत. भेटू पुढच्या भागात!